दावणीचा वारसा : ‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ शेजारी ठेवून वाचताना

१

कागलपासून थोड्या अंतरावर, दूधगंगेच्या बाजूला आमचे गाव आहे. घराच्या मागे पूर्वी गोठा होता. आज तिथे ट्रॅक्टर उभा असतो आणि पलीकडे दोन म्हशी. फरशी घालताना गवंड्याने गव्हाणीच्या भिंतीतल्या दोन लोखंडी कड्या तशाच ठेवल्या. त्यांना आता कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते.

वडिलांनी ट्रॅक्टर घेतला तो १९७९ सालच्या उन्हाळ्यात. मी तेव्हा कोल्हापुरात एम.ए. करत होतो आणि आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ या कादंबरीवर टिपण लिहीत होतो. ‘यंत्राच्या आक्रमणात उद्ध्वस्त होणारे निसर्गाशी एकरूप जीवन’ अशा स्वरूपाचे काहीतरी त्यात होते. टिपण बरे जमले, गुणही चांगले पडले. पुढे तीस-बत्तीस वर्षे मराठी शिकवताना कमीअधिक फरकाने मी तेच बोलत आलो.

निवृत्तीच्या आधीच्या एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालाने होते. तो म्हणाला, “सर, ट्रॅक्टर आला म्हणून नारबाचं गेलं काय? जमीन त्याची नव्हती, बैल त्याचे नव्हते. मग गेलं ते कुणाचं?” मी नेहमीच्या सवयीने भावनिक नात्यावर बोललो. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले नव्हते. माझेही झाले नाही.

हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. शेतीच्या यांत्रिकीकरणाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा हरवलेल्या वारशाच्या भाषेत. पण वारसा म्हटला की तो कुणाचा, कुणाकडून कुणाकडे गेला आणि त्यात कुणाचे नाव नव्हते, हे आधी विचारावे लागते. ‘गोतावळा’ (१९७१) आणि ‘झोंबी’ (१९८७) ही यादवांची दोन पुस्तके शेजारी ठेवली, तर हे प्रश्न टाळता येत नाहीत. एकेकटी वाचली तर टाळता येतात, आणि आपण बराच काळ ते टाळले आहेत.

२

आधी भूमीकडे पाहू. कागल हे घाटग्यांच्या जहागिरीचे गाव. राजर्षी शाहू महाराज याच घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. यादवांचा जन्म इथलाच, १९३५ सालचा. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट होती, शिवारात ऊस होता आणि उसाचा गूळ होत होता.

‘पारंपरिक शेती’ म्हणताना आपण गुऱ्हाळही त्यातच धरतो. पण गुऱ्हाळाचा फड नीट पाहिला तर ती एक छोटी गिरणीच असते. ऊस तोडणारे, मोळ्या वाहणारे, चरकात ऊस घालणारे, चुलवाणाला जाळ घालणारे आणि काहिलीवर उभा असलेला गुळव्या, अशी कामाची वाटणी तिथे ठरलेली असते. आदण किती वेळात उतरायचे, रसात भेंडीचे पाणी किती घालायचे, ढेप कशी निघाली म्हणजे बाजारात चढा दर मिळेल, हे सगळे पेठेकडे डोळे लावून चालते. शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या व्यापारपेठेने कोल्हापूरचा गूळ दूरवर नेला. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टर यायच्या कितीतरी आधी बाजार आला होता.

लोखंडही आधीच आले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, ही हकीगत सर्वांना माहीत आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे त्याच शेतकऱ्यांच्या मुलांनी तो नांगर हौसेने धरला. मग विहिरीवर ऑइल इंजिन आले, त्यामागून विजेची मोटर आली. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द एका पिढीत विहिरीवरून उठून शब्दकोशात गेले.

पाण्यामागून ऊस वाढला. सहकारी साखर कारखान्यांची लाट १९५० च्या सुमारास प्रवरानगरहून सुरू झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यात पसरली. पुढे कागलमध्येच विक्रमसिंह घाटगे यांच्या पुढाकाराने शाहू साखर कारखाना उभा राहिला. आता इथे एक साधा हिशेब आहे, आणि माझ्या मते सगळ्या कथेची किल्ली त्यात आहे. ऊस वाढला की जोंधळा मागे हटतो. जोंधळा हटला की कडबा कमी होतो. उसाचे वाडे मिळते, पण ते हंगामापुरते. बैलजोडीला मात्र बारा महिने वैरण लागते, काम असो वा नसो. ट्रॅक्टरला डिझेल लागते ते चालेल त्या दिवशी. ज्या दिवशी कुणबी हा हिशेब बोटांवर मोजू लागला, त्या दिवशी बैल दावणीतून सुटायला सुरुवात झाली. ट्रॅक्टर या साखळीतली पहिली कडी नव्हती, शेवटची होती.

शिवाय गोठा रिकामा झाला असे जे म्हटले जाते तेही पुरते खरे नाही. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचे ‘गोकुळ’, स्थापन झाला. बैल गेले आणि म्हशी राहिल्या, संकरित गाई आल्या. गोठा चाळून घेतला गेला. रोज पैसे देणारे जनावर चाळणीत राहिले, ओढणारे खाली पडले. बैलांबरोबर गड्याचे काम संपले. शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे आणि पहाटे डेअरीला दूध घालणे हे काम वाढले, आणि ते बव्हंशी घरच्या बाईच्या अंगावर आले. यांत्रिकीकरणाने श्रम कमी केले हे विधान कुणाच्या अंगणात उभे राहून करतो, त्यावर त्याचा खरेपणा ठरतो.

३

आता ‘गोतावळा’. नारबा हा सालगडी. कादंबरी तोच सांगतो, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागलकडच्या बोलीत सांगतो. निवेदनाला प्रमाण मराठी आणि संवादापुरती बोली, ही विभागणी यादवांनी इथे मोडली. त्याचा परिणाम केवळ भाषेच्या गोडव्यापुरता नाही. नारबाच्या वर उभे राहून ‘हे यंत्रयुग आहे, हे असे होणारच’ असे समजावणारा कुणीच कादंबरीत उरत नाही. मळ्यावर जे घडते ते जेवढे नारबाला कळते तेवढेच आपल्याला कळते.

शीर्षकाचा शब्द मी अनेक वर्षे घाईने वाचला. गोतावळा म्हणजे नातेवाईक, सोयरेधायरे. गोत जन्माने मिळते किंवा लग्नाने. नारबाला लग्नाची आस आहे आणि त्याचे लग्न होत नाही. माणसांतले गोत त्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून तो ते दावणीला बांधतो. बैल, म्हशी, कुत्री, पाखरे, झाडे यांच्याशी तो जे नाते जोडतो ते खरे आहे, उत्कट आहे, कादंबरीचे बळ त्यातच आहे. पण ते ‘निसर्गप्रेम’ नव्हे. ज्या माणसाला संसार करू दिला गेला नाही, त्याने मिळेल त्या सामग्रीतून उभारलेला तो संसार आहे.

‘करू दिला गेला नाही’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. सालगड्याची पद्धत आमच्या पिढीने जवळून पाहिली आहे. पाडव्याला साल ठरायचे. धान्य, थोडी रोकड, कापड, पायताण, घोंगडे. त्या बदल्यात माणूस रात्रंदिवस मळ्यावर. त्याची झोप गोठ्यात, जेवण मालकाच्या घरून. असा माणूस ‘घरातलाच’ म्हणवला जाई. घरातला होता, पण वाटणीत नव्हता. त्याच्या एकटेपणावर मळा चालत होता. जनावरांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा गडी मालकाला हवा असतो आणि पोटची पोरे असलेला गडी तितका सोयीचा नसतो, हे कटू असले तरी खरे आहे.

मग ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात आणि शेवटी नारबालाही मळ्यावर जागा उरत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न इथे लागू होतो. नारबाचे गेले ते कायद्याने त्याचे कधीच नव्हते. सात-बाऱ्यावर त्याचे नाव नाही, बैलांच्या विक्रीत त्याचा हिस्सा नाही. ज्या दिवशी मालकाला ते नकोसे झाले, त्या दिवशी नारबाचा सगळा गोतावळा मालकाने विकला, आणि ते करताना त्याला नारबाला विचारावेही लागले नाही. शोकांतिका ट्रॅक्टरच्या इंजिनात नाही, ती या न विचारण्यात आहे.

अशीच गोष्ट जॉन स्टाइनबेकने ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) मध्ये ओक्लाहोमाच्या कुळांविषयी सांगितली. तिथे ट्रॅक्टर चालवणारा शेजाऱ्याचाच पोरगा असतो, रोजाच्या तीन डॉलरसाठी आलेला. कुळाला बंदूक रोखायची आहे, पण मालक म्हणजे बँक, आणि बँकेला तोंड नाही. नारबाची अडचण उलटी आहे. त्याच्या मालकाला तोंड आहे, नाव आहे, त्या घरची भाकरी नारबाने खाल्ली आहे. म्हणून त्याला बंदूक सुचतच नाही. अमेरिकन कुळाला शत्रू सापडत नाही, आपल्या सालगड्याला शत्रू म्हणता येत नाही. मला दुसरी कोंडी अधिक अवघड वाटते.

इथे कादंबरीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. नारबाला मालकाच्या घरातला हिशेब दिसत नाही, म्हणून तो आपल्यालाही दिसत नाही. निवेदनाच्या दृष्टीने हे चोख आहे. पण याचमुळे जमीनवाल्या घरातून आलेल्या माझ्यासारख्या वाचकाची सोय होते. त्याला नारबासाठी हळहळता येते आणि जबाबदारी यंत्रावर टाकता येते. यंत्र कुणी आणले, कशासाठी आणले, हे विचारावे लागत नाही. मी १९७९ मध्ये नेमके हेच केले होते.

४

‘गोतावळा’नंतर सोळा वर्षांनी ‘झोंबी’ आली. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्याविषयी बोलताना शिक्षणासाठीच्या झगड्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. पण शेतीचा दस्तऐवज म्हणून ती ‘गोतावळा’च्या शेजारी फारशी ठेवली जात नाही. काळ साधारण चाळीसचे दशक आणि त्यानंतरचा. जागा तीच, कागलचे शिवार. मळा, मोट, बैल, म्हशी, गुऱ्हाळ, सारे आहे. ट्रॅक्टर मात्र नाही.

आणि तरीही तो मळा स्वर्ग नाही. बापाने पोराला शाळेतून काढून शेतात जुंपले आहे. आई आणि पोरगा दत्ताजीराव देसायांकडे जाऊन गाऱ्हाणे घालतात, तेव्हा बाप नाइलाजाने तयार होतो, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम, तिथून थेट शाळा, शाळा सुटली की तासभर जनावरे चारायची, आणि मळ्यात काम जास्त असले तर शाळा बुडवायची. या अटी म्हणजे त्या काळच्या कुणबी घरातले मृत्युपत्रच आहे. बाप पोराला वारसा म्हणून देतो ते राबणे.

एके ठिकाणी तो मुलगा मनाशी जे ताडतो ते मला पूर्वी महत्त्वाचे वाटले नव्हते. जन्मभर शेतात राबून हाती काही लागणार नाही, आजोबांच्या वेळी जे होते ते वडिलांच्या वेळी राहिले नाही, ही शेती आपल्याला खड्ड्यात घालते आहे, असा त्याचा हिशेब आहे. एका शाळकरी पोराने तीन पिढ्यांचा ताळेबंद मांडला आहे, आणि तो घसरणीचा आहे. ही घसरण बैलांच्या काळातली आहे. यंत्र अजून वेशीवरही आलेले नाही.

गुऱ्हाळाचाही तपशील असाच बोलका. बाप गुऱ्हाळ इतरांच्या आधी लावतो, कारण हंगामाच्या सुरुवातीला गुळाला दर बरा मिळतो. इतर शेतकरी ऊस शेतात आणखी पिकू देतात, म्हणजे गूळ जास्त उतरतो. दर की उतारा, हा पेच आज कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला चांगलाच ओळखीचा आहे.

मग त्या मळ्यात सुंदर काही नव्हते का? होते. सौंदलगेकर मास्तरांमुळे कवितेचा नाद लागलेला मुलगा मोटेवर, पाणी पाजताना, जनावरे राखताना कविता म्हणतो, स्वतः रचतो. कागद-पेन्सिल नसेल तेव्हा म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी लिहितो. पूर्वी खायला उठणारा एकटेपणा त्याला हवासा वाटू लागतो. नारबाने म्हशीत आपले माणूस पाहिले, या मुलाने तिच्यात पाटी पाहिली. एकाच जनावराशी जडलेली ही दोन नाती. पहिल्यात माणूस मळ्यावर रुजतो, दुसऱ्यात मळ्याबाहेर पडायची वाट शोधतो. बाहेर पडलेला मुलगा पुण्यात प्राध्यापक झाला आणि त्याने, कालक्रमाने आधी, नारबाची गोष्ट लिहिली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. विलापिका आधी आली, हिशेब नंतर. ज्या जगातून यादव स्वतः जिवाच्या आकांताने सुटले, त्याच जगासाठी त्यांनी आधी शोक केला. यात ढोंग नाही. सुटलेल्या माणसालाच मागे राहिलेल्याचे दुःख लिहिता येते, कारण लिहायला लागणारी अक्षरे त्याच्याकडे असतात. मात्र एवढ्यावर थांबले असते तर ‘गोतावळा’ आपल्याला फसवू शकली असती. ‘झोंबी’ने ती दुरुस्त केली. बैलांचे जग पोरांच्या हरवलेल्या बालपणावर आणि बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर उभे होते, हे तिने दाखवले. आणि ‘गोतावळा’ही ‘झोंबी’ला दुरुस्त करते. शाळेची वाट सापडलेल्या एकामागे, ती कधीच न सापडलेले किती नारबा मळ्यावर राहिले, याची ती आठवण ठेवते.

५

वारसा जपावा असे आपण सहज म्हणतो. पण कुणब्याच्या मोटेमागे चामडे कमावणारा होता, नांगरामागे सुतार-लोहार होते, गावकीच्या कामांना महार वतनदार जुंपलेला होता. हेही वारसेच होते, बापाकडून पोराकडे जन्माने येणारे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाला गुलामी म्हटले आणि ते मोडण्यासाठी लढा दिला. लोखंडी नांगर आणि इंजिन आल्यावर यातल्या काहींचा धंदा बुडाला, हालही झाले. पण त्यांच्यातल्या कुणाला ‘पूर्वीचे बरे होते’ असे म्हणताना मी क्वचितच ऐकले. तो सूर जमीनवाल्या घरांतून येतो. आमच्या घरातूनही येतो.

पुढच्या कादंबऱ्यांनी हा धागा पुढे नेला. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) शिकलेला मुलगा आहे, पण नोकरी नाही. ‘झोंबी’तल्या मुलाला शाळेने जी वाट दिली ती त्याच्यासाठी बंद झाली आहे, आणि तो त्याच शेतीत अडकला आहे जिच्यातून बाहेर पडायला तो शिकला. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे उठवलेली माणसे आहेत आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस आहे. गोताचा धागा तिथे इतका तुटला आहे की आपलेच जनावर माणसाला ओळखत नाही. नारबाच्या कथेला इतका लांबचा वारस मिळेल असे मला वाटले नव्हते.

आणि आता शिवारात ऊस तोडणारी यंत्रे आली आहेत. मराठवाड्यातून दर हंगामाला येणारे तोडकरी, त्यांच्या बैलगाड्या, त्यांची कोपी, हेही काही वर्षांनी कमी होईल. तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर हळवा लेख लिहील. त्याला माझी विनंती आहे की त्याने आधी त्या माणसाला विचारावे, कोयता सुटल्याचे दुःख आहे की कोयत्याऐवजी काहीच हाती न आल्याचे. या दोन दुःखांत फरक आहे. पहिले दुःख बहुधा आपले असते, पाहणाऱ्यांचे.

६

आमच्या घरीही एक गडी होता. त्याला सगळे तात्या म्हणत. आजोबांच्या वेळेपासून होता. लग्न झालेले नव्हते. मला पहिल्यांदा शाळेत खांद्यावरून नेले ते त्याने. ट्रॅक्टर आला त्या वर्षी पाडव्याला त्याचे साल ठरले नाही. बैल विकले, त्यातल्या पैशांतून माझ्या परीक्षेची फी आणि खोलीचे भाडे भागले. हे वडिलांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितले. म्हणजे ज्या पैशांवर मी नारबासाठी हळहळणारे टिपण लिहिले, ते पैसे आमच्याच नारबाच्या बैलांचे होते.

वडील दुष्ट नव्हते. कडब्याचा हिशेब बरोबर होता आणि ट्रॅक्टर घेतला नसता तर शेती आणखी तोट्यात गेली असती, हेही मला मान्य आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या हिशेबात तात्याच्या नावाची ओळ नव्हती, आणि ती घालायला ट्रॅक्टरने कुणाला अडवले नव्हते. तीस वर्षे राबलेल्या माणसाला चार गुंठे किंवा एक खोली देता आली असती. ते कुणाला सुचले नाही. मलाही नाही, आणि मी तर त्याच विषयावर लिहीत होतो.

तात्या आपल्या बहिणीच्या गावी गेला असे ऐकले होते. त्याचे पुढे काय झाले ते मी कधी विचारले नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारले होते, गेलं ते कुणाचं. त्याला मी आज सांगेन, गेले ते तात्याचे, कारण त्याने ते आयुष्यभर सांभाळले होते. ते त्याचे होते हे आम्ही कुठे लिहून ठेवले नव्हते, एवढेच.